नावाआधी काय लावायचं?

बाइंडिंगच्या दुकानात माझ्या पुढे दोन मुली उभ्या होत्या. दुकानदार त्यांच्या प्रबंधाचं मुखपृष्ठ जुळवत होता.

“विषय?”

“शाश्वत विकासासाठी नेतृत्व.”

“नावं दोनच ना?”

“तीन, काका. आम्ही तिघांनी मिळून लिहिलाय.”

“मग तिसऱ्यालाही एकदा बघून जाऊ दे. नंतर अक्षर बदलता येत नाही.”

“तो गेला, काका. मागच्या महिन्यात.”

“अरेरे. मग त्याच्या नावाआधी ‘कै.’ लावतो.”

“लावा,” चष्मेवाली म्हणाली. “सरही तेच म्हणाले.”

“अजिबात नाही,” दुसरी म्हणाली.

“अगं, तसं लिहितातच.”

“शेवटचं प्रकरण कुणी लिहिलं? पुढारी नसला तरी काम कसं चालू राहतं, ते?”

“त्यानेच. दवाखान्यात, खाटेवर बसून.”

“आणि आपल्या दोघींच्या चुका कुणी काढल्या?”

“त्यानेच गं.”

“मग लिहिताना तो होता की नाही?”

“होता.”

“काका, ‘कै.’ नको. नुसतं नाव घाला.”

“बरं. त्याचं नाव पहिलं घेऊ?”

“हो, पहिलंच.”

“नको, काका,” चष्मा पुसत पहिली म्हणाली. “मधे घाला. पहिलं घातलं तर चिडेल तो.”