त्याच्या पैशातून माझा पगार नको

माझं माहेर नागपूरचं, बाबा तुरुंगात शिपाई, आणि आम्ही राहायचो तिथल्याच क्वार्टरमध्ये. कैद्यांच्या घरचे लोक संत्र्यांची टोपली घेऊन दारात उभे राहायचे आणि आई ती तशीच परत करायची. परत ने बापा, म्हणायची, आज आम्ही हे खाल्लं तर उद्या आमच्या ह्यायनं तुरुंगात तुह्या पोराले रागवायचं कसं? आम्हा पोरांच्या तोंडाला पाणी सुटलेलं, पण आईपुढे बोलणार कोण.

मग लग्न झालं, नवरा डॉक्टर, त्याला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये जॉब, म्हणून मी इकडे आले. घरी बसणं माझ्या पिंडातच नाही, इथे शिकले आणि प्रोबेशन ऑफिसर झाले. म्हणजे काय, तर कोर्टाने शिक्षा दिलेली पण जेलबाहेर असलेली माणसं दर आठवड्याला माझ्याकडे यायची, काम शोधतोस का, दारू सोडलीस का हे मी विचारायचं, आणि नाही आला तर कोर्टाला कळवायचं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, अगं, चोरांची कसली चाकरी करतेस! मी म्हणायची, अहो आई, तुमचा मुलगा आजाऱ्यांची करतो ना, तशीच.

माझ्याकडे एक डॅरन होता. पबमध्ये मारामारी करून आलेला, पण बेकरीत कामाला लागला आणि सुधारायला लागला. एकदा गरम ब्रेड घेऊन आला, मी केलाय म्हणाला. मी म्हटलं, नाही रे घेता येणार. असा चिडला, दार आपटून गेला. वाईट वाटलं हो मला, फार वाटलं.

त्याच सुमारास ऑफिसात पैशांची ओरड सुरू झाली. माझी पोस्ट टेम्पररी, ती जाणार असं कानावर आलेलं. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, अमेरिकेत काही ठिकाणी देखरेखीची फी येणाऱ्याकडूनच घेतात आणि त्यातून ऑफिसरांचे पगार देतात, आपणही वर तसं सुचवू, तू पाठिंबा दे, तुझीच पोस्ट वाचेल. काय सांगू तुम्हाला, घराचं मॉर्गेज नवंनवं, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला दिसतेय दारात उभी आई. मी म्हटलं, नाही. डॅरनकडे ज्या आठवड्याला फी नसेल त्या आठवड्याला तो तोंड दाखवणार नाही, आणि नाही आला की पुन्हा जेल. आणि भरली तर? चांगला वागला तर याला मुदतीआधी मोकळा करा असं कोर्टाला मीच सांगायचं, आणि तो मोकळा झाला की माझाच पगार कमी? खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, मग मी कोर्टात खरं कुठल्या तोंडाने बोलू? मॅनेजर म्हणाले, मग पोस्टची गॅरंटी मी देत नाही. मी म्हटलं, नका देऊ.

ती फी काही आली नाही. माझी पोस्ट मात्र गेली. नवरा म्हणाला, जरा गप्प बसली असतीस तर? मी म्हटलं, गप्प बसणारी हवी होती तर नागपूरची कशाला केलीस?

आता एका कॉलेजमध्ये मुलांना सल्ला देते, पगार कमी आहे, पण चाललंय. परवा मार्केटमध्ये बेकरीच्या स्टॉलवर डॅरन दिसला. त्याची शिक्षा केव्हाच संपलेली, तरी मला बघून ओशाळला. मीच हात पुढे केला, म्हटलं, आण तो ब्रेड, आता चालतो. पैसे घेईना. भलं होवो त्याचं. घरी पोचेपर्यंत काही मला धीर निघाला नाही, बसस्टॉपवरच अर्धा संपवला, आणि त्या सगळ्या परत गेलेल्या संत्र्यांची भरपाई झाली बघा.