बापूंची न तपासलेली ओळ

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. लांबलांबून आलात, घरच्यांना त्याचा आधार वाटतो. मला बोलायला सांगितलंय. मघापासून मी या हॉलच्या बाहेर नुसत्या फेऱ्या मारत होतो. बसवत नाही, उभं राहवत नाही. बोलायचं तर त्याहून अवघड. सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी दत्ता. दिंडोरीला माझी द्राक्षबाग आहे, आणि बागेतल्या पॅकिंग शेडमध्ये आमच्या फ्लाइंग क्लबचं विमान तयार होतंय. छोटं, दोन माणसांचं. सुटे भाग खोक्यांतून आलेत, जोडायचे आम्ही. रविवारी, संध्याकाळी, जसा ज्याला वेळ मिळेल तसा. आणि या सगळ्या कामावर डोळा बापूंचा.

बापूंची उभी हयात इथे नाशिक रोडला प्रेसमध्ये गेली, छापलेले कागद तपासण्यात. रिटायर झाले, पण नजर काही रिटायर झाली नाही. वहिनी, राग मानू नका, पण तुमची पोळीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघायचे. मी स्वतः बघितलंय.

क्लबात आल्या आल्या त्यांनी एक नियम घातला. ज्यानं काम केलं, त्यानं ते पास करायचं नाही. दुसऱ्यानं बघायचं. दुसरा हो म्हणाला, तरच पुढे. "दत्तू, स्वतःचं काम स्वतःला चांगलंच दिसतं रे," म्हणायचे.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही. विमानाचे पत्रे रिव्हेटने जोडतात. बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोकायचं, आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मध्ये रिव्हेटचं शेपूट चेपतं, बटणासारखं गोल होतं. गोल झालं तर पकड घट्ट. तिरकं झालं तर ड्रिल मारून काढायचं, नवीन बसवायचं. दोन माणसांचं काम आहे हे.

माझे किती रिव्हेट बापूंनी काढले असतील! देशपांडे सरांचे तर त्यांच्या जावयादेखत काढले. जावई पहिल्यांदाच शेड बघायला आलेले. सर लालेलाल. बापू म्हणाले, "सर, जावई जमिनीवर राहणार आहेत. वर तुम्ही जाणार आहात." आणि लगेच माझ्याकडे वळून, "दत्तू, चहा सांग."

सर इथे पुढेच बसलेत. आमचे अध्यक्ष. लायसन्स त्यांच्याकडे आहे, पहिलं उड्डाण तेच करणार.

बापू गेले त्याच्या आदल्या आठवड्यात माझी छाटणी चालली होती. सर पुण्याला. बाकीचे आपापल्या गडबडीत. बापूंना कुठला धीर? एकटेच शेडमध्ये जाऊन बसले. उजव्या हातात बंदूक, डावा हात पंखाच्या आत घालून त्यात ठोकळा. डाव्या पंखाची एक अख्खी ओळ त्यांनी एकट्यानं मारली. जाताना बागेत मला हाक मारली, "दत्तू, ओळ झालीय, बघून घे." मी झाडांतूनच हात केला.

आणि बघितलं नाही. मी नाही, कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही क्लबातले तिघं शेडमध्ये होतो. पंखाला टेकून चहा प्यायलो. बापूंचं काम, त्यात काय बघायचं? असंच म्हणालो आम्ही. हसलोसुद्धा. त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी देवपूजा करताना, बापू गेले. हार्ट.

दहावा झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. करमत नव्हतं. बॅटरी घेतली आणि पंखाच्या आत डोकावलो. मंडळी, ती ओळ तिरकी आहे. सुरुवातीचे रिव्हेट सुरेख, बापूंचेच. पुढे एकेक कलत गेलाय. शेवटचे तर एका अंगाला पार दबलेत. मी बॅटरी बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बघितलं. या माणसाच्या हातून असं होत नाही.

मग वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो आठवडाभर त्यांचा डावा हात दुखत होता. मी बाम चोळून द्यायचे. ठोकळा धरून धरून भरलाय, म्हणायचे."

डावा हात! ऐकताय ना? ते दुखणं त्या ओळीत दिसत होतं. त्याच संध्याकाळी आमच्यातल्या कुणी एकानं आत डोकावलं असतं, तर विचारलं असतं, बापू, हाताला काय झालंय? वाचले असते का? मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण विचारलं तरी असतं. आम्ही त्यांना इतकं मोठं केलं की त्यांच्याकडे बघायचंच सोडून दिलं. मला याचा राग येतो. माझा येतो, तुमचा येतो, बापूंचासुद्धा येतो. सगळ्यांना नियम लावला, मग तुमचं काम आम्ही न बघताच सोडलं तेव्हा आमच्या नावानं ओरडला का नाहीत, बापू?

परवा क्लबची बैठक झाली. मी सांगितलं, ओळ काढावी लागेल. कुणाला पटेना. पंखाला हार घातलाय, कुंकू लावलंय. बापूंच्या हातचं शेवटचं काम, त्यावर ड्रिल कसं चालवायचं? तशीच राहू दे, वरून पत्रा बंद करू, असं ठरलं. पत्रा एकदा बंद झाला की आत कुणाला दिसणार नाही. सर म्हणाले, "बापूंच्या हातावर माझा भरवसा आहे. मी बसतो." सर, तुमचे डोळे भरले होते. मला तुमचं प्रेम कळतं. पण त्या पंखाच्या भरवशावर तुम्ही हवेत जाणार, आणि आम्ही खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या? नाही. मला नाही जमणार.

काल मी वहिनींकडे गेलो. सगळं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्यानं पंख तुटेल का?" मी म्हणालो, लगेच नाही तुटणार. कधी तुटेल ते सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "दत्ताभाऊ, एक माणूस गेला तेवढा पुरे झाला. काढा ती ओळ."

म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. ती ओळ मी काढणार. उद्याच. बैठकीत काहीही ठरलेलं असो. हार उतरवून वहिनींकडे देईन, नमस्कार करीन आणि ड्रिल लावीन. ज्याला भांडायचंय त्यानं शेडवर यावं.

नवे रिव्हेट मीच बसवीन. ठोकळा धरायला कुणीतरी मिळेल. पण बसवल्यावर बघणार कोण? मला माझं काम चांगलंच दिसणार. खरं सांगतो, कालपासून झोप उडालीय ती यानंच. रिव्हेट बसवणारे आम्ही आहोत, आता वाईट म्हणणारं कुणी राहिलं नाही.

सर, तुम्ही बघा. वर तुम्ही जाणार आहात, तर आत तुम्हीच डोकावा. माझा चेहरा बघू नका, वहिनींकडे बघू नका, बापूंच्या फोटोकडेही बघू नका. एक जरी कललेला दिसला, तर सगळ्यांदेखत काढा.

नुसती मान हलवू नका, सर. तोंडानं सांगा.

...मागच्यांना ऐकू गेलं नसेल. सर म्हणाले, "येतो. पण वाईट असलं तर वाईट म्हणीन."

म्हणा, सर. तेवढंच हवंय.

आता सगळे उभे राहूया. थोडा वेळ कुणीच बोलू नका. मीही बोलत नाही. बापू, नमस्कार करतो.