खोलीत एक मोठं माणूस हवं

वेल्समधल्या स्वान्सी शहरात, पोस्टातल्या पार्सलांच्या रांगेत, माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. तो फोनवर लंडनमधलं हॉटेल शोधत होता.

"नेरिस, चौघांची एक खोली कुठेच नाही. दोन मिळतायत स्वस्तात, पण प्रत्येक खोलीत अठरा वर्षांवरचं कुणीतरी हवंच म्हणे."

"म्हणजे नाताळात मी लेकीच्या, मालीच्या खोलीत झोपायचं आणि तू मुलाच्या, गेथिनच्या? त्यासाठी लंडनला जायचं?"

"अगं, तुझ्या आई आल्या तर? त्या झोपतील पोरांच्या खोलीत."

"वा रे वा! परवा तूच तिला सांगितलंस ना, खर्च परवडत नाही, या वेळी आम्ही चौघंच जाणार म्हणून?"

"तेव्हा हा नियम कुठे माहीत होता?"

"आणि नियम कळल्याबरोबर ती परवडायला लागली? रॉड्री, आई आहे ती माझी, पोरांवरची राखणदार नाही."

"बरं बाई. मीच फोन करतो त्यांना."

"काय सांगणार आहेस?"

"की माझं चुकलं."

"मग तेवढंच सांग आणि फोन ठेव. आज हॉटेलचा विषय काढलास, तर याद राख."