टबातले पाणी कोमट होते की नाही, याबाबत

नाव: नोंदीच्या पहिल्या पानाप्रमाणे. घरीदारी आणि दुकानात मला सगळे बेबी म्हणतात. वय: ४६. धंदा: शिवणकाम. राहणार: माहेरच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, खाली दुकान व वर घर.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, ज्या गरम पाण्याच्या टबात काल माझी आई बेशुद्ध झाली तो टब माझ्या धाकट्या भावाने तिच्यासाठी घेतला होता. आईचे गुडघे आखडलेले आहेत. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसल्याने आराम पडेल असे डॉक्टरांनी सुचवले होते. यंत्र आपोआप जास्त तापले आणि बसवणाऱ्या फिटरने काम निष्काळजीपणे केले, अशी तक्रार भावाने दिली आहे. घटना घडली तेव्हा भाऊ प्रवासात होता. माहेरच्या घरी आई, वडील आणि मी, असे तिघेच होतो. आई सध्या अतिदक्षता विभागात आहे. ती अजून बोललेली नाही.

फिटर काल सकाळी आला. मागच्या अंगणात सिमेंटचा ओटा आधीच करून घेतला होता, त्यावर लेव्हल लावून त्याने टब बसवला. आतून पुसून घेतला व नळाची नळी लावून पाणी सोडले. पाणी आतल्या खुणेच्या वर येईपर्यंत विजेचे बटण चालू करायचे नाही, रिकाम्या टबात हीटर जळतो, असे त्याने आम्हाला सांगितले. टब भरेपर्यंत तो तिथेच थांबला. मग वीज चालू करून सेफ्टी स्विच नीट पडतो की नाही ते दोनदा दाबून पाहिले, पाण्यात औषध टाकले आणि झाकण लावले. तापमान त्याने सदतीसवर ठेवले. पाणी तापायला संध्याकाळ होईल, घाई करू नका, वरून गरम पाणी ओतू नका, हे त्याने माझ्यासमोर सांगितले. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्याने आपणहून विचारले. आई हो म्हणाल्यावर तो म्हणाला, "मग आजी, दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही, आणि कोणीतरी जवळ पाहिजे." पाण्यात तरंगणारा एक थर्मामीटरही त्याने दिला. यात निष्काळजीपणा कुठे झाला ते मला समजत नाही. तो माणूस आज सकाळपासून इथे बाहेर बसून आहे.

माझे वडील, वय ७४, कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते. तिथे त्यांना उस्ताद म्हणत. रंगाच्या टाकीत हात बुडवून पाणी किती तापले ते सांगत आणि ते बरोबर निघे. कारखान्यातला थर्मामीटर साहेब लोक तपासणीला येत तेव्हा पुसायचा, एरवी तो खिळ्याला लटकलेला असे. घरीही तीच रीत होती. आम्हा भावंडांच्या अंघोळीचे पाणी, पुढे माझ्या मुलीच्या पहिल्या अंघोळीचे पाणी, त्यांचा हात लागल्याशिवाय कोणाच्या अंगावर पडले नाही. कोणाला कधी चटका बसला नाही. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. असे होते, म्हणून सांगते.

भाऊ संध्याकाळी पोहोचणार होता. तो आल्यावर आई टबात आरामात बसलेली दिसावी अशी वडिलांची फार इच्छा होती. दुपारचा चहा झाल्यावर त्यांनी झाकण उचलले. टबाच्या छोट्या पडद्यावर छत्तीस आकडा होता. त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि म्हणाले, "थंडगार आहे. हे यंत्र खोटं बोलतंय." मी म्हटले, "बाबा, थोडा धीर धरा, अजून तापतंय." ते म्हणाले, "मला पाणी शिकवू नकोस." आमच्या घरात या विषयावर त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

त्यानंतर त्यांनी टबाखालची तोटी उघडून बरेच पाणी अंगणात सोडून दिले. गच्चीवर सोलरची टाकी आहे. तिचे पाणी कडक तापते, दिवसभर ऊन असेल तर हातावर घेववत नाही. न्हाणीघरातल्या तिच्या नळाला लांब नळी जोडून त्यांनी ती टबात सोडली. थोड्या वेळाने टब पीपपीप वाजू लागला व पडद्यावर आकड्याऐवजी अक्षरे दिसू लागली. फिटरने आज मला सांगितले की पाणी धोक्याइतके तापले की यंत्र हीटर बंद करते आणि तसे दाखवते. काल मला हे माहीत नव्हते. वडील म्हणाले, "बघ, मुळातच बिघडलेला माल," आणि पडद्यावर फडके टाकले. तरंगता थर्मामीटर त्यांनी काढून कट्ट्यावर ठेवला होता. तो मी तेव्हा का उचलला नाही असे ठाण्यातल्या साहेबांनी विचारले. उचलायला हवा होता.

आईला टबात उतरता यावे म्हणून मी समोरून उघडणारा सैल झगा शिवला होता. तो घालून ती अंगणात आली. तिची थट्टामस्करी चालू होती. "उस्तादांचा हात लागलाय म्हटल्यावर यंत्राची काय बिशाद," असे ती मला म्हणाली. पाण्यातून वाफ निघताना पाहून म्हणाली, "मला बटाट्यासारखी उकडून काढताय की काय?" वडिलांनी पुन्हा हात घातला. वडील व मी दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवले. माझ्या हातात तिचे वरचे अंग होते. माझा हात पाण्याला लागला नाही.

पाण्यात उतरताना आईने काही तक्रार केली का, असे विचारल्यावरून सांगते की, मला आठवत नाही.

मी कोरडे टॉवेल आणायला आत गेले. टॉवेल वरच्या फळीवर होते, शिवाय दुकानातून फोन आला, त्यात वेळ गेला. परत आले तेव्हा वडील टबाशेजारी स्टुलावर बसले होते. आईची मान एका खांद्यावर कलली होती. मी हाक मारणार तोच वडिलांनी ओठांवर बोट ठेवले. म्हणाले, "झोपू दे तिला. किती दिवसांनी डोळा लागलाय." गुडघ्यांच्या दुखण्याने आईला बरेच दिवस झोप नव्हती हे खरे आहे. म्हणून मी क्षणभर थांबले. तेवढ्यात ती खाली सरकली आणि तोंड पाण्याखाली गेले. वडिलांना वाटले ती कूस बदलतेय.

मी कपड्यांनिशी टबात उतरले. उतरताच पाय भाजल्यासारखे झाले, तेव्हा मला पाण्याचे कळले. ओल्या झग्यामुळे आई हातातून निसटत होती. झगा मीच सैल शिवला होता. वडिलांनी तिचे पाय धरले, मी काखेत हात घातले, असे करून तिला बाहेर काढले. शेजारच्या कंपाउंडरने येऊन तिच्या नाकातोंडातले पाणी काढले व गाडीही त्यानेच बोलावली. माझी पावले अजून लाल आहेत, ती साहेबांनी पाहिली आहेत.

रुग्णालयात नर्सने वडिलांचा उजवा हात धरून विचारले, "आजोबा, हे कधी भाजलं?" तळव्यावर आणि बोटांवर फोड आले होते. वडील आपल्या हाताकडे बघत राहिले. त्यांना ते माहीतच नव्हते. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून बोटांना सुई टोचली व कुठे टोचले ते विचारले. वडील म्हणाले, "टोचा की." ती टोचून झाली होती. साखरेच्या आजाराने त्यांच्या हातांची जाणीव गेली असावी आणि ते एका दिवसात झालेले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

आज ठाण्यात येताना भाऊ मला म्हणाला, "ताई, तू एवढंच सांग की यंत्र आपोआप तापलं. बाबांचं नाव कशाला मध्ये आणायचं? या वयात त्यांना झेपणार नाही." मी त्याला म्हटले, त्या फिटरलाही घरी कोणी वाट बघणारे असेल. भाऊ त्यावर रागावून निघून गेला. त्याचा राग मला समजतो. तो टब त्याने आईच्या प्रेमापोटी घेतला होता आणि आता त्याला कोणाला तरी धरून झोडपायचे आहे. पण यंत्राने काही केलेले नाही. फिटरनेही काही केलेले नाही. गरम पाणी माझ्या वडिलांनी सोडले, आणि मी ते सोडताना पाहिले. वडिलांचा हेतू वाईट नव्हता, हे शपथेवर सांगायला मी तयार आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. वडील माझ्याबरोबर ठाण्यात आले होते व भिंतीकडच्या बाकावर बसले होते. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून तो मोठ्याने वाचावा असे त्यांनीच सांगितले. वाचून झाल्यावर त्यांनी एक दुरुस्ती करायला लावली. साहेब म्हणाले, तुमचा जबाब वेगळा घेऊ. वडील म्हणाले, "वेगळा घ्या. पण हिच्या जबाबात खोटं राहू देऊ नका. ती पोरगी माझ्यासाठी खोटं बोललीय."

त्यावरून 'मला आठवत नाही' हे शब्द माझ्या संमतीने खोडले आहेत. त्या जागी असे वाचावे: पाण्यात पाय घालताच आई म्हणाली, "अहो, चटका बसतोय." वडील म्हणाले, "काही होत नाही, बस. माझा हात आहे ना आत." मग ती बसली.

दुरुस्ती करून जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचला. तो मी ऐकला, वडिलांनी ऐकला. आता त्यात काही कमी नाही व काही जास्त नाही. सही करते.