सोनेरी काटा, काळा काटा

(न्यू इंग्लंडातल्या एका गिरणीगावाचं वीजघर, १९२९. सकाळचे दहा. एल्विन कामावर आहे; त्याची मोठी बहीण ऑर्फा आत येते.)

एल्विन : आणि आत येताना पाय पुसलेस का?

ऑर्फा : पुसले. चर्चमध्ये जाताना पुसत नाही एवढे पुसले.

एल्विन : पण तू इथे कशी? दहा वाजलेत. माग कोण चालवतंय तुझे?

ऑर्फा : काल काढलं मला. बाबांच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले, माग थांबवले, शाल घेतली, निघाले. भिंतीवरच्या घड्याळात सहाला चार कमी. मुकादम टिल्टन सगळ्या खात्यासमोर म्हणाला, ‘मिनिटचोर!’ सव्वीस वर्षं राबले मी तिथे, एल्विन.

एल्विन : ते बटाट्याएवढं जुनं घड्याळ घेऊन कशाला जातेस? गिरणीतली घड्याळं आमच्या विजेवर चालतात, आणि वीज आम्ही या मुख्य घड्याळाशी जुळवतो. हे बघ. सोनेरी काटा लंबकाचा, म्हणजे खरी वेळ. काळा आमच्या विजेचा. वीज मंदावली की काळा मागे पडतो.

ऑर्फा : पडलाच आहे की.

एल्विन : सव्वा मिनिट. दिवसा सगळे माग चालू, यंत्र दमतं. रात्रपाळीवाला जरा जोरात पळवतो. सकाळी सहाला दोन्ही काटे एकावर एक! चार वर्षांत एक दिवस चुकलं नाही.

ऑर्फा : वा! दिवसा आमची चार मिनिटं खायची आणि रात्री आम्ही घोरत असताना परत करायची. कामात चार वाढली, झोपेत चार घटली, पण स्वारीचे काटे जुळले!

एल्विन : दुसरा बॉयलर पेटवला तर दिवसाही जुळतील. पण वरून हुकूम आहे, जास्त कोळसा जाळायचा नाही.

ऑर्फा : म्हणजे ठाऊक होतं तुला.

एल्विन : मी नोंद करतो ना. रोज संध्याकाळी सहाला. ही काय वही.

ऑर्फा : बघू. ‘चार मिनिटं मागे. चार मिनिटं मागे. साडेचार.’ अक्षर काय मोत्यासारखं! बाराव्या वर्षी मी मागावर उभी राहिले, म्हणून तू शाळेत गेलास. चीज झालं हो. चोरी लिहून ठेवायला असंच वळणदार अक्षर हवं.

एल्विन : टोचून बोलू नकोस.

ऑर्फा : मग ही वही घेऊन चल टिल्टनकडे.

एल्विन : वही गिरणीची आहे. बाहेर नेली तर संध्याकाळी मीही तुझ्याच घरी जेवायला.

ऑर्फा : ये की. बीन्स आहेत. बरं, सुटीचा भोंगा कोण वाजवतं?

एल्विन : मीच. काळ्या काट्यावर. तसाच हुकूम आहे.

ऑर्फा : आणि सोनेरी काय शोभेला ठेवलाय? रोज त्याचं तोंड बघायचं आणि हात दुसऱ्याच्या सांगण्यावरून उचलायचा! बाबा असते तर...

एल्विन : बाबांचं घड्याळ दाखव.

ऑर्फा : आता बटाटा बघायचाय साहेबांना!

एल्विन : दहा वाजून सात. सोनेरीशी सेकंदाचाही फरक नाही.

ऑर्फा : मग! बाबांनी तीस वर्षं स्टेशनातून आगगाड्या सोडल्यात त्याच्यावर.

एल्विन : काल तू एकटी उठलीस, म्हणून चोर ठरलीस. आज भोंगा सोनेरीवर वाजला तर सहाशे जण उठतील. बघू, टिल्टन किती जणांना काढतो.

ऑर्फा : आणि तुला काढलं तर?

एल्विन : बीन्स थोडे जास्त शिजव.