यादीतली सहावी

सिस्टर : आता समितीच्या अहवालात खाली मथळा घाल, 'आमची बलस्थानं'. एक, मुलींना कुठंच दार उघडं नव्हतं तेव्हा आमच्या मदरनं हे कॅथलिक विद्यापीठ काढलं. दोन, पहिल्या महिला न्यायाधीश इथल्याच. तीन, नर्सिंगच्या सरकारी परीक्षेत सलग सव्वीस वर्षं शंभर टक्के निकाल. हे जाड अक्षरात. काय गं, थांबलीस का?

टायपिस्ट : बोटं आखडली.

सिस्टर : तुझी? माझ्या वर्गात सगळ्यांच्या आधी पेपर टाकून पळायचीस.

टायपिस्ट : सिस्टर, बाहेर बाकावर चष्मेवालीचे वडील बसलेत. सकाळपासून. तिची ट्रंक बांधून झालीय.

सिस्टर : कोण चष्मेवाली?

टायपिस्ट : शेवटच्या वर्षाची. काल तुम्ही नऊ जणींची यादी लावलीत ना, त्यातली सहावी.

सिस्टर : मग? यादी दरवर्षी लागते. आपल्या पूर्वपरीक्षेत साठच्या खाली आली की सरकारी परीक्षेचा फॉर्म नाही. आजचा का हा नियम?

टायपिस्ट : तिला बावन्न आहेत. सरकारला चाळीस पुरतात.

सिस्टर : मला नाही पुरत.

टायपिस्ट : यादीवर आपण 'अपात्र' लिहितो. पोरगी घरी पोचेपर्यंत त्याचं 'नापास' होतं.

सिस्टर : तुला काय माहीत गं! पहिल्या तुकडीतल्या तिघी नापास झाल्या, तर गावातली बडी मंडळी फाटकाशी येऊन हसली. बायकांची अक्कल चुलीपुरती, म्हणाली. टाळं लागायचंच बाकी होतं. मदरनं तेव्हा नियम केला, जिची खात्री नाही तिला पाठवायचंच नाही. म्हणून तू आज या खुर्चीत आहेस.

टायपिस्ट : खरंय. माझी आई वाचली तीसुद्धा इथल्याच नर्सच्या हातून. मी विसरले नाही. पण ते हसणारे कधीच मेले, सिस्टर. आपण अजून त्यांनाच उत्तर देत बसलोय.

सिस्टर : सोमवारी तपासणी समिती येतेय. मुलींचं वेगळं विद्यापीठ हवंच कशाला, असं विचारणारे दोघं आहेत त्यात. एकीला फॉर्म दिला की नऊ जणींना द्यावा लागेल. त्यातल्या दोघी नक्की आपटतील.

टायपिस्ट : आपटू देत. सात तर तरतील.

सिस्टर : तोंड आवर.

टायपिस्ट : तिच्या वडिलांनी भावाला शब्द दिलाय, पोरगी नापास झाली तर लगेच लग्न लावून देईन, तोवर नाव काढायचं नाही. आता काकानं स्थळ आणून ठेवलंय. दुप्पट वयाचा माणूस, पहिली बायको त्याच्या माराला कंटाळून पळाली. फॉर्म भरायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपते, सिस्टर. तुमची एक सही.

सिस्टर : आणि सव्वीस वर्षं?

टायपिस्ट : शनिवारी कन्फेशनला पापं कबूल करताना काय सांगणार आहात?

सिस्टर : ते मी आणि देव बघून घेऊ. तू टाईप कर.

(दार वाजतं. चष्मेवालीचे वडील आत येतात. त्यांच्या मागं ती.)

वडील : येऊ का, सिस्टर? बसत नाही, गाडी चुकेल. एवढंच विचारायचं होतं. यादी एक सांगते, पोरगी दुसरंच सांगते. म्हणते, मी नापास नाही. मी अडाणी माणूस. तुम्ही म्हणाल ते खरं. नापास आहे का ही?

सिस्टर : हे बघा, आमचे नियम जरा कडक आहेत.

वडील : असणारच. म्हणून तर इथं घातली. पण नापास आहे का?

टायपिस्ट : सिस्टर...

सिस्टर : यंदा... यंदा तिची तयारी कमी पडली.

वडील : म्हणजे नापासच. मी भावाशी भांडायला कंबर कसून आलो होतो हो. तुम्ही नुसतं 'नाही' म्हणाला असतात तरी पुरलं असतं.

सिस्टर : पुढच्या वर्षी पाठवा. मी स्वतः शिकवीन तिला.

वडील : पुढचं वर्ष आता तिच्या नवऱ्याच्या हातात. माफ करा, सिस्टर. एवढं मोठं नाव तुमचं, आमच्या पोरीनं बट्टा लावला असता.

टायपिस्ट : काका, माझं ऐका. तिला बावन्न मार्क आहेत. चाळीसला पास होतात. ती पास आहे, काका!

वडील : बाई, तुमचं मन मोठं आहे. पोरीची दया येते तुम्हाला. पण सिस्टर खोटं कशाला बोलतील?

टायपिस्ट : सिस्टर, सांगा ना त्यांना.

वडील : राहू द्या. उगाच त्यांना कशाला त्रास. चल गं, उचल ट्रंक. रडायचं नाही. सिस्टरांना थँक्यू म्हण.

चष्मेवाली : थँक्यू, सिस्टर. आपल्या दवाखान्याच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवरच्या आजींचं दुपारचं ड्रेसिंग राहिलंय. कुणाला तरी पाठवा. हळू करायला सांगा, त्यांना फार दुखतं.