भट्टीसमोरचा करवती काठ

...तसं नाही जी, हे बोट भट्टीत जळलं नाही! जो येते तो हेच विचारते, "काय नत्थूजी, बोटाले चिंधी काहून? कारखान्यात गेलते म्हणे, तिथंच भाजलं ना?" अरे बाप्पा, भट्टीत भाजलं असतं तं मी छाती पुढं काढून चौकात सांगत फिरलो असतो, चिंधी धोतराच्या सोग्यात कशाले लपवली असती? भट्टीसमोर मी उभा होतो हे खरं आहे, तांडापेठेतला तीन पिढ्यांचा विणकर, एकटा, अन् माह्या अंगावर लोखंडाच्या ठिणग्या पडून राहिल्या होत्या, हेही खरं आहे, अन् मले तिथं उभं कोणी केलं? दुश्मनानं? नाही. लग्नाच्या बायकोनं! बोटाचं मग सांगतो. बोट शेवटी आहे, आधी भट्टी.

तुम्हाले सांगतो, सुरुवात झाली माह्या लहान भावापासून. कवडू. आता आमच्या घरी माग किती जुना, आजा लुगडी विणे, बाप लुगडी विणे, मी लुगडी विणतो, करवती काठाची, असा काठ की बाई देवळात गेली तं बाकीच्या बायाईचं देवावरचं ध्यान उडते. अन् हा कवडू म्हणते, "दादा, मले मागाच्या खड्ड्यात बसून कंटाळा येते, मी ढलाईच्या कारखान्यात चाललो." गेला. कामठी रोडवर. तिथं काम काय? लोखंड वितळवायचं, त्याचा लाल रस भल्यामोठ्या पळीत घ्यायचा, दोघांनी ती पळी उचलायची अन् साच्यात ओतायची. पंगतीत रस्सा वाढतेत तसं. फरक एवढाच की रस्सा सांडला तं धोतर खराब होते, अन् हा सांडला तं धोतरातला माणूस.

कारखान्यानं काही दिलं नव्हतं असं नाही हं, खोटं काहून बोलू? कलकत्त्याहून चामड्याचे एप्रन आणले होते. एप्रन म्हणजे गळ्यात अडकवायचं, कमरेले बांधायचं, छातीपासून घोट्यापर्यंत झाकून टाकायचं. चामडं जाड, मजबूत. पण महिना कोणता? मे. गाव कोणतं? नागपूर! मागच्या साली राजधानी गेली आमची, सारे साहेब फायली बांधून कोणी भोपाळले गेले, कोणी मुंबईले गेले, पण ऊन मात्र एकानंही सोबत नेलं नाही. त्या उन्हात, भट्टीपुढं, चामडं घालून उभा राहिला तं माणूस आतून शिजते, काढून ठेवलं तं बाहेरून जळते. मग लोकाईनं काय केलं? शिजण्यापेक्षा जळणं बरं म्हणून सारे एप्रन खुंटीले टांगले. अक्षय तृतीयेच्या आठवड्यात एक ठिणगी कवडूच्या सदऱ्यात गेली, छातीवर रुपयाएवढा डाग. त्या दिवसापासून त्याची बायको रुख्मिणी, तो घरी आला की पाणी नंतर देई, आधी त्याचा सदरा वर करून पाहे. रोज. 

अन् एक दिवस त्यांचे फोरमन मनोहरराव आमच्या दारात. म्हणे, "नत्थूजी, असं जाड सुती कापड विणता येईल का, की आत वारा लागेल पण ठिणगी लागणार नाही? पुढच्या सोमवारी मोठी ढलाई आहे, पळीवर कवडू राहणार." येईल का म्हणजे? मी म्हटलं, "मनोहरराव, तीन पिढ्यांचा विणकर आहो मी!" ते चहा पिऊन गेले अन् मी लगेच ताण्याले लागलो.

आता इथं भागीरथा येते. भागीरथा म्हणजे माही बायको, उमरेडची. तिचा बाप सूत रंगवे, म्हणून तिले वाटते का सुतातलं आपल्यालेही काही समजते. मी ताण्याले खळ देऊन राहिलो अन् ती मागं येऊन उभी. "काय जी, खळीत तेल टाकून राहिले?" मी म्हटलं, "हो. ज्वारीची खळ अन् त्यात जवसाचं तेल. आज्यानं टाकलं, बापानं टाकलं, तेलाशिवाय धागा नरम राहत नाही, कापडाले चमक येत नाही." ती म्हणते, "पण हे तं आगीजवळ जाणार." म्हटलं, "मग?" ती म्हणते, "तेल? आगीजवळ?" आता तुम्हीच सांगा, असा प्रश्न बायकोनं विचारावा का? अन् विचारला तं विचारला, तो बरोबर असावा का? मी म्हटलं, "तू चूल पाय वं, माग मी पाहतो." ती चूप झाली अन् अंदर गेली. तुम्हाले सांगतो, बायको बोलते तोपर्यंत काही नाही, ती बोलायची थांबली की माणसानं भ्यावं.

एकाच ताण्यावर दोन एप्रन लावले. कापड विणलं दुहेरी, जाजमासारखं, ठोकून ठोकून. पण हात काही थांबेना. बिनकाठाचं कापड मागावरून उतरवायचं कसं? आमच्यात बिनकाठाचं कापड माणसाच्या अंगावर कधी घालतेत, तुम्हाले माहीत आहे... ते मी माह्या जित्या भावाच्या अंगावर घालू? लावला काठ. लाल रेशमाचा, करवती, दोन्ही बाजूंनी.

गुरुवारी पहिला एप्रन कापून कारखान्यात घेऊन गेलो. सारे गोळा झाले. एक जण म्हणते, "याच्यावर चोळीचा खण नाही आणला?" मी लक्ष दिलं नाही, कलेची कदर सगळ्याले नसते. मनोहररावांनी एप्रन बांबूले टांगला, अन् एका माणसानं लांबून रसाचा थेंब उडवला त्याच्यावर. एक थेंब, हरभऱ्याएवढा... भप्प! असं पेटलं म्हणता, असं पेटलं, का दिवाळीची पणती लाजली असती. तेल अस्सल होतं ना, जवसाचं! आज्याची खळ, बापाची खळ, माही खळ, तीन पिढ्या मिनिटभरात वर गेल्या. अन् बांबूले काय लोंबून राहिलं होतं? काठ. रेशीम ते, आकसलं, काळं पडलं, पण लोंबून राहिलं.  मनोहरराव सज्जन माणूस, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाले, "काठ मात्र बेस आहे, नत्थूजी."

कोणी हसलं नाही. हसले असते तं बरं झालं असतं. कवडू त्या बांबूच्या बाजूलेच उभा होता, मले म्हणते, "जाऊ द्या दादा, सोमवारी मी नुसत्या सदऱ्यावर उभा राहतो, सवय आहे मले." अन् मी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा बांबूकडं पाहिलं. मी माह्या हातानं भावाले तेलात भिजवून आगीपुढं उभा करून राहिलो होतो, अन् वरून काठ लावून.

घरी आलो, जेवलो नाही. भागीरथानं विचारलं नाही काय झालं म्हणून. "मी सांगितलं होतं ना?" असंही म्हणाली नाही, अन् ते किती वाईट असते हे ज्याचं लग्न झालं त्यालेच समजते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागावरचा दुसरा एप्रन सरळ कापून घेतला. माह्या मागावरून! गरम पाण्यात टाकला, रिठ्यात टाकला, बडवला, पिळला, पुन्हा टाकला. मी म्हटलं, "अवं, खळ गेली, चमक गेली, जान काढून राहिली तू कापडाची!" ती म्हणते, "कापडाची गेली तं जाऊ द्या." बस, एवढंच. मग मोठ्या हंड्यात पाणी तापवलं अन् त्यात तुरटी. चिमूटभर नाही, पायलीभर. मी म्हटलं, "एप्रनची दाढी करायची आहे का?"  बुडवला, वाळवला, पुन्हा बुडवला, पुन्हा वाळवला. मग चुलीवरचं फडकं आणून माह्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?"

म्हटलं, "फडकं. भगोणं उतरवायचं."

"माह्या बापाच्या कामातलं आहे. रंगवायच्या आधी सूत तुरटीच्या पाण्यात घालते, त्या पाण्यात हे सदा पडून राहे. लग्नात सोबत आणलं मी. चौदा वर्षं झाली, रोज याचं टोक चुलीत जाते. धुतलं की पुन्हा तुरटीत बुडवतो मी. काळं होते, पण पेटलं का कधी?"

 चौदा वर्षं रोज सकाळी त्याच फडक्यानं चहाचं भगोणं मीच उतरवून राहिलो होतो! काठाचा एक धागा चुकला तं दहा हातावरून दिसते मले, अन् हातातलं फडकं जळत नाही हे दिसलं नाही. मग तिनं चिमट्यानं निखारा उचलला अन् एप्रनवर ठेवला. धूर निघाला, काळा डाग पडला. निखारा उचलला तं डाग जिथल्या तिथं थांबला, पुढं सरकला नाही.  तीन पिढ्यांच्या विणकरानं उठून हंड्याखाली लाकूड सरकवलं.

सोमवारी ती स्वतःच निघाली कारखान्यात, पदर खोचून, एप्रन काखेत, मी मागं. तिले पाहून मनोहरराव बांबू आणायले निघाले. ती म्हणते, "बांबू राहू द्या जी. बांबूले भाजलं तं बांबू सांगत नाही. माह्या दिराच्या अंगावर जायच्या आधी, ज्यानं विणलं त्याच्या अंगावर जाऊ द्या."

ज्यानं विणलं म्हणजे कोण? पन्नास माणसं माह्याकडं पाहून राहिली. मी हळूच म्हटलं, "अवं, तुरटी तं तू टाकली." ती म्हणते, "बरं, मी घालतो. मग तांडापेठेत सांगजा, की तीन पिढ्यांचा विणकर बाजूले उभा होता."

घातला, बाप्पा, घातला!

ती मागून नाडी बांधून राहिली होती. गाठ दोनदा सुटली. माह्या कानाशी येऊन म्हणते, कोणाले ऐकू जाणार नाही असं, "चुकलं असं वाटत असन तं आताच सांगा. खरंच मी घालतो." चौदा वर्षांत त्या बाईनं कापडाच्या बाबतीत माहं मत कधी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं नाही. फडकं पाहिलं ना मी." अन् पुढं झालो. ती पाण्याची बादली घेऊन माह्यापासून दोन हातावर उभी राहिली, मागं सरा म्हणे मनोहरराव, ती सरली नाही.

मग मी डोळे मिटले अन् कोराडीची देवी, ताजबागचे बाबा, उमरेडचा सासरा, जो आठवला त्याले बोलावलं, अन् तिकडून साच्यात रस पडला अन् इकडं ठिणग्या, चट चट चट, छातीवर, पोटावर, मांड्यांवर, एक एक मोजावी अशी लागून राहिली अन् मी वाट पाहून राहिलो, आता भप्प होते, आता होते... नाही झालं. डोळे उघडले तं एप्रनवर काळे ठिपके, जशी काजळाची तीट लावली कोणी. आत वारा लागून राहिला होता! भट्टीसमोर, मे महिन्यात! बादली खाली ठेवून ती कवडूले म्हणते, "घाला भाऊजी." अन् नाडी सोडताना माही पाठ एकदा चाचपून पाहिली.

अन् दुपारी त्या मोठ्या ढलाईत पळी कलली. व्हायचं ते झालंच. रसाचा शिंतोडा उडाला तो बरोबर कवडूच्या छातीवर, जुना डाग होता तिथंच. लोक ओरडले. त्यानं खाली पाहिलं, हातानं पळी सोडली नाही, ओतणं पुरं केलं, मग एप्रन झटकला. घरी आला तेव्हा रुख्मिणी दारातच. सदरा वर केला. जुना डाग होता तेवढाच. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, अन् धावत आमच्याकडं येऊन भागीरथाच्या पायाशी बसली. भागीरथा काय म्हणते? "पाया काय पडते वं, धुतलं की तुरटी निघून जाते, आठवड्याले पुन्हा बुडवावं लागते, रविवारी ये मदतीले." अशी बाई आहे ती. मी सांगतो तुम्हाले, माग माह्या घरी तीन पिढ्यांचा असेल, पण कापड पाहायची नजर उमरेडहून आली, हे मी कबूल करतो. तिच्यासमोर नाही, तुमच्यासमोर.

आता चौदा एप्रन झाले. काठासकट, बरं का! मनोहरराव म्हणाले काठ नको, तं कारखान्यातले लोक अडून बसले, काठाशिवाय घालणार नाही म्हणे. दर रविवारी अंगणात हंडा चढते, भागीरथा ढवळते, रुख्मिणी वाळवते, अन् तीन पिढ्यांचा विणकर लाकडं आणते.

अन् हे बोट? परवा सकाळी चहा उकळला, मी सवयीनं हात मागं केला फडक्यासाठी, खुंटी रिकामी, अन् चहा वर येऊन राहिला, मग काय, धरलं भगोणं धोतराच्या सोग्यानं... एवढ्या भट्टीतून कोरा आलो अन् चुलीवर भाजलो! बोट तोंडात धरून विचारलं, "काहून वं, फडकं कुठं गेलं?"

"कवडूभाऊजीले दिलं. पळीचा दांडा तापते त्यांच्या हाताले."

"अन् मी?"

ती हंडा ढवळून राहिली होती. वर न पाहता म्हणते, "तुम्ही तीन पिढ्यांचे विणकर ना जी? विणून घ्या एक."

विणून राहिलो, बाप्पा, भाजक्या बोटानं विणून राहिलो. काठ लागलाच आहे त्याले, हात काही ऐकत नाही. तेल मात्र टाकलं नाही, तिले विचारलं आधी.